कागदावरची मालकीण आणि रस्त्याकडेचं गवत

आमच्या फर्मची मालकीण मी आहे, हे मला फर्म निघाली त्या दिवशी कळलं. सुरतेत, गोडादऱ्यातल्या घरी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात आमचे हे कागदांचा गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, "इथे सही कर. इथे. आणि इथे पण."

"कशाची?"

"हायवेच्या कडेचं गवत कापायचा ठेका घेतोय. बाईच्या नावावर फर्म असली की बरं पडतं, असं दादा म्हणतो."

दादा म्हणजे यांचे मोठे भाऊ, माझे भाऊजी. ते म्हणाले म्हणजे विषय संपला. मी पदराला हात पुसून सह्या केल्या आणि पुन्हा मेथीकडे वळले. उद्योगजगतात माझं पदार्पण हे असं झालं.

दोघा भावांचे भाड्याच्या शेडमध्ये थोडे यंत्रमाग होते. ते विकून झाले होते आणि दोघेही घरी बसून होते. घरी बसलेल्या पुरुषाला जगातला कुठलाही धंदा सोपा दिसतो. भाऊजींनी कापसाचा, रद्दीचा, पाणीपुरीच्या पुऱ्यांचा असे सगळे धंदे चहाच्या कपात ढवळून बघितले आणि शेवटी गवतावर बोट ठेवलं. त्यांचं गणित साधं होतं. गवत आपोआप वाढतं, त्याला सूत लागत नाही, वीज लागत नाही, ते संपावर जात नाही. कापायचं आणि बिल लावायचं. कामरेजकडून पलसाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा आमच्या वाट्याला आला. म्हणजे माझ्या वाट्याला आला, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. माझे भाऊजी माझ्याशी थेट बोलत नसत. आमचं मूळ धुळ्याकडचं. धाकट्या भावाच्या बायकोशी मोठ्या दिराने तोंडावर बोलू नये, अशी आमच्या घरातली रीत. मी समोर उभी असले तरी भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून यांना म्हणायचे, "तिले सांग, चहा ठेव म्हना." हे माझ्याकडे वळायचे आणि मी दोन हातांवरून ऐकलेलं वाक्य मला पुन्हा ऐकवायचे. सुरतेत इतकी वर्षं काढली, घरातली मुलं आपसात गुजराती बोलू लागली, पण कॅलेंडरची ही सोय काही बदलली नाही.

मशिन निवडायची जबाबदारी अर्थातच भाऊजींनी घेतली. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातल्या एका व्हिडिओत एक गोरा माणूस लाल रंगाच्या छोट्या गाडीवर बसून, टोपी घालून, मखमलीसारख्या मैदानावरून फिरत होता. मागे गवत आपोआप कापलं जात होतं. भाऊजी त्या माणसाच्या जागी स्वतःला बघू लागले.

"बशीसन कापानं मशिन शे हाई," ते यांना म्हणाले. बसून कापायचं मशिन. त्यांच्या आवाजात असा भक्तिभाव मी आरतीलाही ऐकला नव्हता.

दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की हे बंगल्यांच्या लॉनसाठी आहे. भाऊजींनी ते प्रशस्तिपत्रक समजून घेतलं. बंगल्यावर चालतं, मग रस्त्यावर का नाही चालणार? मशिन घरी आलं. त्याला गादीची सीट होती आणि पाण्याची बाटली ठेवायला खळगा होता. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. मी हळदकुंकू लावलं, हार घातला, यांनी नारळ फोडला. भाऊजींनी सीटवर बसून फोटो काढून घेतला. नवरदेवाचा घोड्यावर बसल्यावर जो चेहरा होतो, तोच होता. फरक इतकाच, की घोड्याला तरी आपण कुठे चाललोय ते माहीत असतं.

पहिल्या दिवशी मीही गेले, हौस म्हणून. पावसाळा नुकताच ओसरला होता आणि रस्त्याच्या कडेला गवत छातीपर्यंत वाढलेलं. त्यात झुडपं, त्यात वेली. हे मशिन घोट्याएवढ्या गवतासाठी बनवलेलं. भाऊजी त्यात शिरले आणि थोड्या अंतरावर जाऊन थांबले. गवत पात्यात गुंडाळून मशिनने गळा आवळल्यासारखा आवाज काढला. यांनी ते उपसून साफ केलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग भाऊजींच्या मनात आलं की उतारावर गवत जरा विरळ दिसतंय, तिथून काम उचलावं.

हायवेचा भराव तिथे चांगला उंच आहे. भाऊजींनी मशिन उतारावर आडवं घातलं. मला मशिनमधलं काही कळत नव्हतं, पण ताट तिरकं धरलं की वाटी सरकते, एवढं स्वयंपाकघरात कळतं. मी ओरडले, "अहो, त्यांना सांगा, उतरा म्हणावं!" आणि आमच्या ह्यांनी, देव त्यांचं भलं करो, रीतीप्रमाणे भावाकडे वळून म्हटलं, "दादा, ती म्हणते—"

तेवढ्यात वरच्या बाजूची चाकं उचलली गेली. भाऊजींनी उडी मारली हे नशीब. मशिन एक कोलांटी मारून खालच्या गटारात जाऊन बसलं, चाकं वर, हार अजून गळ्यात. भाऊजींचा पाय मुरगळला होता. चेहरा पांढरा पडला होता. मी डोक्याला गुंडाळलेली ओढणी सोडून त्यांच्या पायाला बांधली. ते मशिन अंगावर आलं असतं तर काय, हाच विचार मी वाटभर करत होते. घरी येईपर्यंत मात्र भाऊजींनी कारण शोधून काढलं होतं. चूक गटाराची होती. गटार तिथे नको होतं.

मशिन दुरुस्त करून एका फार्महाउसवाल्याला विकलं. मग आला ट्रॅक्टर आणि त्यामागे स्लॅशर. स्लॅशर म्हणजे लोखंडाचं मोठं झाकण आणि त्याच्याखाली गरगर फिरणारं जाडजूड आडवं पातं. समोर येईल ते तोडायचं, एवढंच त्याला माहीत. वेग जबरदस्त. झुडूप असो, बाटली असो, कुणाची चप्पल असो, स्लॅशर भेदभाव करत नाही. भाऊजींना वाटलं, आता कुठे आपल्या स्वभावाचं मशिन मिळालं.

त्याच्या मागच्या बाजूला साखळ्यांचा पडदा होता. पात्याखालून दगड उडाला तर त्या साखळ्यांनी अडवायचा, म्हणून. आमचा ड्रायव्हर अकोल्याकडचा, गाण्यांचा भारी शौकीन. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "आवाज लय येते जी साखळ्याइचा, गाणेच ऐकू येत नाही." भाऊजींनाही साखळ्यांत गवत अडकून वेळ जातोय असं वाटत होतं. संगीत आणि वेग या दोन्हींच्या सेवेसाठी साखळ्या काढून ठेवण्यात आल्या. हे मला कुणी सांगितलं नाही. मालकिणीला असल्या बारीकसारीक गोष्टी कशाला सांगायच्या?

काही दिवस सगळं छान चाललं. मग एका दुपारी यांचा फोन आला. "तू जरा पोलीस चौकीत ये." मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, ये." काही नाही म्हणून चौकीत बोलावणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

झालं होतं ते असं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीजवळ एक टेम्पो उभा होता, कापडाचे ताके भरलेला. टेम्पोवाला चहा घ्यायला उतरला होता आणि त्याची बायको केबिनमध्ये बसली होती. आमचा ट्रॅक्टर तिथून गवत कापत गेला. पात्याखालून एक दगड सुटला, तो टेम्पोच्या बाजूच्या काचेतून आत घुसला आणि पलीकडच्या दाराला जाऊन आदळला. दारात खड्डा पडला. मध्ये ती बाई बसलेली होती. त्या क्षणी ती खाली वाकली होती, पायातली चप्पल शोधायला.

मी चौकीत शिरले तेव्हा साहेब विचारत होते, "मशिनचा मालिक कोण?" भाऊजी आणि आमचे हे, दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींना मी समोर दिसले.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. टेबलावर तो दगड ठेवला होता. लिंबाएवढा असेल. इतका साधा, की घरासमोर पडला असता तर मी पायाने बाजूला सारला असता. ती बाई बाकावर बसली होती, केसांत अजून काचेचा चुरा चमकत होता. माझ्याच वयाची. नवरा-बायको जालन्याकडचे, सुरतेत टेम्पो चालवून पोट भरणारे. मी तिच्या शेजारी बसले. विचारलं, "लागलं का हो कुठे?"

"लागलं नाही बाई," ती म्हणाली. "चप्पल घ्यायला वाकले म्हणून, नाही तर..." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचंच हाय का ते मशिन?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली, जसं काही मशिन माझं असणं हे माझंच दुर्दैव होतं. मी तिच्या केसांतला चुरा एकेक करून काढू लागले. तिने काढू दिला.

पलीकडे भाऊजी टेम्पोवाल्याला समजावत होते. नशिबात असतं ते होतं, बघा वहिनींना काही झालं नाही, देवाची कृपा. टेम्पोवाला शांतपणे म्हणाला, "देवाची कृपा आमच्यावर हाय, ते मान्य. तुमच्या मशिनवर कुणाची हाय, ते सांगा."

काच आणि दार आम्ही भरून देतो असं लिहून दिलं, माझ्या सहीने. टेम्पोवाल्याने पुढे तक्रार वाढवली नाही. बाहेर आल्यावर मी यांना म्हणाले, "उद्या ट्रॅक्टर निघणार नाही."

भाऊजींनी चौकीच्या भिंतीवर कॅलेंडर शोधलं. सापडलं नाही. मग एका बंद पडलेल्या जीपकडे बघत म्हणाले, "तिले सांग, धंदातलं तिले काय समजस."

"भाऊजी," मी म्हणाले, "आत सही कुणी केली?"

इतकी वर्षं मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. आमचे हे आमच्या दोघांच्या मधोमध उभे होते, निरोप कुणाकडून कुणाकडे न्यायचा ते न कळून. मग भाऊजी, जीपकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग आते काय करानं?"

काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. पण माहीत नाही एवढं तरी मला माहीत होतं, आणि आमच्या फर्ममध्ये ही नवीन गोष्ट होती.

मी सगळ्या डीलरांना फोन लावले. प्रत्येकाचं मशिन जगातलं सर्वोत्तम होतं. सगळ्यांचं मशिन सपाटीवर चालत होतं, उतारावर चालत होतं, डिव्हायडरमध्ये चालत होतं; एकाचं तर पाण्यात पण चालणार होतं. मी प्रत्येकाला एकच विचारायची, "पात्याला दगड लागला तर तो कुठे जातो?" यावर लाइन खराब व्हायची. काहींना दुसरा कॉल यायचा. एकाने विचारलं, "बेन, तमारे घास कापवुं छे के पथ्थर?"

शेवटी एक जण सापडला. तो फ्लेलचं मशिन विकायचा. ट्रॅक्टरमागेच जोडायचं, पण त्यात एक मोठं पातं नसतं. आडव्या रुळावर छोटी छोटी पाती लोंबकळत असतात. दगड लागला की पातं मागे दुमडतं, दगडाला फटका बसत नाही, आणि वरून झाकण जमिनीपर्यंत बंद. स्लॅशरपेक्षा हळू चालतं, पाती वारंवार बदलावी लागतात, हे त्याने आधीच सांगून टाकलं. विक्रेता स्वतःच्या मालाचे दोष सांगतोय म्हटल्यावर मला आधी तोच आजारी आहे की काय असं वाटलं.

तो मशिन घेऊन आला. मी मुद्दाम खडी सांडलेला कडेचा पट्टा दाखवला. म्हटलं, "दगड उडत नाही म्हणता ना, मग चालू असताना मागे उभे राहून दाखवा."

तो हसला आणि म्हणाला, "ना बेन. हुं पण नहीं ऊभो रहुं. कोणत्याच मशिनच्या मागे कुणीच उभं राहायचं नाही."

मी त्याच्याकडूनच घेतलं.

पण एका मशिनने रस्ता होत नाही, हे कळायला तो पायी चालावा लागला. मी आणि आमचे हे सकाळी निघायचो आणि आमच्या तुकड्याच्या कडेने चालत जायचो. ट्रकवाले हॉर्न देऊन आमचं मनोबल वाढवायचे. गाडीतून बघताना हे सगळं एकच हिरवं दिसतं. पायी गेलं की सपाट कड वेगळी, भरावाचा उतार वेगळा, लोखंडी कठड्याच्या खालचं गवत वेगळं. उतारावर ट्रॅक्टर घालायचाच नाही, असं मी ठरवलं. भाऊजींची कोलांटी मी विसरले नव्हते. त्यासाठी लांब हाताचं मशिन भाड्याने आणायचं: ट्रॅक्टर वर रस्त्याच्या कडेला उभा, हात तेवढा खाली उतारावर. रोज लागत नाही, म्हणून विकत नको. कठड्याखाली आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी खांद्याला अडकवून चालवायचे ब्रश कटर, आणि ते चालवणाऱ्याच्या तोंडावर जाळी, पायात जाड बूट. "उन्हात जाळी कोण घालेल?" असं भाऊजी म्हणाले. घालेल तोच चालवेल, असं मी म्हणाले. आता आम्ही थेट बोलत होतो. कधी कधी मला कॅलेंडरची आठवण यायची.

पलसाण्याच्या अंगाला आणखी एक मजा होती. तिथे मिलांच्या बाजूने गवतात कापडच कापड. साडीच्या कापलेल्या किनारी, पॉलिएस्टर धाग्याचे गुंते, रंगीत चिंध्या. सुरत साऱ्या देशाला साड्या नेसवते आणि उरलेलं गवताला. पहिल्या दिवशी फ्लेलच्या रुळाला लाल किनार अशी गुंडाळली गेली की मशिन थेट लग्नाला निघाल्यासारखं दिसू लागलं. आमचे हे ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात टाकून, सुरीने ती कापत बसले. लग्न झाल्यापासून माझ्या साड्यांकडे त्यांनी इतक्या बारकाईने कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मशिनच्या आधी आमच्या गल्लीतल्या बायका पुढे चालू लागल्या: चिंध्या, तारा, बाटल्या, दगड उचलत. भाऊजी म्हणाले, हा फुकटचा खर्च आहे. पण मशिन थांबेना, पाती तुटेनात, चौकीतून फोन येईना, आणि हंगाम संपताना हातात काही तरी उरलं. मग ते म्हणाले, मी आधीपासून हेच म्हणत होतो.

मध्येच ठेका देणाऱ्या खात्यातल्या इंजिनीअर साहेबांचा फोन आला. "बेन, व्हीआयपी आवे छे. बधुं साफ जोईए. पेलुं मोटुं मशिन लावी दो ने, फटाफट!" मोठं मशिन म्हणजे स्लॅशर. वेगाचे चाहते सगळ्याच खात्यांत असतात.

"साहेब, ते मशिन आता रस्त्यावर येणार नाही," मी म्हणाले.

"तो काम बीजाने आपी दईश."

मी म्हणाले, द्या दुसऱ्याला काम. ठेका गेला तर दोघे भाऊ पुन्हा घरी बसून धंदे सुचवू लागतील, ही भीती काही लहान नव्हती. आम्ही आमच्या गतीने, आमच्या क्रमाने, दिसणारी कड तेवढी आधी केली. व्हीआयपी आले ते दुसऱ्याच रस्त्याने. आमच्या रस्त्यावरचं गवत कुणीही बघितलं नाही, आणि साहेबांनी ते फार छान कापलं गेल्याबद्दल मला शाबासकी दिली. पुढच्या हंगामालाही काम आमच्याकडेच राहिलं.

भाऊजींना त्यांच्या स्वभावाचं काम त्याच दिवसांत मिळालं. मशिनच्या बऱ्याच अलीकडे, चमकणारं जाकीट घालून, लाल झेंडा घेऊन उभं राहायचं आणि गाड्या पलीकडच्या लेनमध्ये वळवायच्या. मोठमोठे कंटेनर त्यांच्या एका हाताने हळू होतात. कुणी हॉर्न दिला तर ते अहिराणीत असं काही बोलतात की परप्रांतातल्या ड्रायव्हरलाही अर्थ कळतो. सावलीला येऊन बसा म्हटलं तरी येत नाहीत.

परवा नात्यातल्या एका लग्नाला गावी गेलो होतो. पंगतीत वरणबट्टी होती. भाऊजी पलीकडच्या पंगतीत चार पाहुण्यांना फ्लेल आणि स्लॅशर यातला फरक समजावून सांगत होते, वांग्याच्या भाजीत बोट बुडवून पात्रावळीवर नकाशा काढून. नंदुरबारकडच्या एका पाहुण्याला साखर कारखान्याच्या रस्त्याचं असंच काम मिळणार होतं. त्याने विचारलं, "मंग मी कोणतं मशिन लेऊ?"

"मशिन मंग," भाऊजी म्हणाले. "आधी रस्ता पायी चाल. मी चालनू व्हतू."

आमचे हे माझ्याकडे बघून काही तरी बोलणार होते. मी म्हटलं, "बोलू द्या त्यांना," आणि वाढप्याला हाक मारून तूप मागितलं.